एक सुई कमी भरली

तीर्थस्वरूप दादासाहेब यांचे सेवेशी,

गुडघे परवानगी देतील तितके वाकून नमस्कार. इकडील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने उभी आहेत (जी बसलेली आहेत ती उठताना थोडा वेळ घेतात, परंतु उठतात). आपली मान आता कितपत वळते हे सविस्तर कळवावे. डावीकडे पाहायचे झाल्यास आपणांस सबंध खुर्ची फिरवून घ्यावी लागते, असे मागील पत्रात वाचून जिवाला फार लागले. मुख्याध्यापकपदी असताना आपण नुसती मान वळविली तर तीन वर्ग चिडीचूप होत असत, आणि त्याच मानेची ही अवस्था व्हावी याचे वाईट वाटते. सौ. वहिनींना नमस्कार. त्यांचा खोकला थांबला असल्यास आनंद आहे. थांबला नसल्यास त्यांनी थंड पाणी वर्ज्य करावे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मुख्य विषय पत्राच्या अखेरीस आहे, तरी मधला मजकूर गाळून वाचू नये, ही नम्र विनंती. तो न वाचल्यास अखेरचा मजकूर उद्धटपणाचा वाटेल, आणि उद्धटपणा माझ्या हातून आजवर घडलेला नाही.

आपल्या भगिनींच्या उजव्या पायाची व्यथा आपणांस ठाऊक आहेच. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून टाचेपर्यंत जाते आणि तेथे जाऊन समाधान न झाल्यामुळे पुन्हा वर येते. ज्या बाई बाजारातून दोन पिशव्या घेऊन माझ्या पुढे चालत (मी मागून 'जरा हळू' म्हणत असे, व त्या ते ऐकू न आल्याचे दाखवीत), त्याच बाई आता पलंगापासून शेगडीपर्यंत जाताना मध्ये कपाटाला धरून थांबतात आणि आपण कपाट पुसत असल्याचा बहाणा करतात. आमचे कपाट सध्या फार स्वच्छ आहे. गोळ्यांनी पायाला गुण येण्याऐवजी पोटाला अवगुण आला. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सुचविले की आता जोडीला अॅक्युपंक्चर करून पाहावे. अॅक्युपंक्चर म्हणजे शरीरात ठरावीक जागी बारीक सुया टोचून दुखणे हलके करण्याचा उपचार होय. डॉक्टरांनी हे सांगताच सौ. उठल्या, चपला घातल्या आणि पाय ओढीत बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

कारण आपण, दादासाहेब. सौ. सहा-सात वर्षांच्या असताना सतरंजीवर पडलेली सुई त्यांच्या तळपायात रुतली आणि तिचे टोक आतच मोडले. तेव्हा आपण म्हणाला होता की, "आता ती रक्तातून फिरत फिरत काळजात जाणार." पुढे ते टोक कोणीतरी चिमट्याने काढले, पाय बरा झाला, लग्न झाले, मुले झाली, नातवंडे झाली. परंतु आपले ते वाक्य मात्र अजून आतच आहे. मी परोपरीने समजाविले. त्यावर त्यांचे उत्तर एकच असते: "तुम्ही चौथी शिकलात. दादा मुख्याध्यापक होता." वास्तविक ते वाक्य उच्चारतेवेळी आपले वय नऊ होते, आणि नवव्या वर्षी कोणीही मुख्याध्यापक नसतो, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्या म्हणाल्या, "पण पुढे होणार होता ना."

शेवटी तडजोड अशी झाली की प्रथम मी स्वतः सुया टोचून घ्याव्यात, सौ.नी बाहेर बसावे, आणि मी जिवंत व शाबूत परत आल्यास पुढचे पाहावे. त्यांनी अट घातली ती एवढीच: "किती आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, मोजून यायचं. तुम्हांला तेवढं तरी येतं." ही अट मी आनंदाने स्वीकारली. आपण जाणताच की माझे अवघे आयुष्य गोदामाच्या दरवाजात पोती मोजण्यात गेले. पोते आत जाताना अंगठा बोटाच्या एका पेरावर, पुढचे पोते गेले की पुढच्या पेरावर. बाहेर येताना तसेच उलट. कागद ओला होतो, पेन्सिल मोडते, परंतु पेरे कोठे जात नाहीत. माझ्या दरवाजातून एक पोते कमी भरले असे कोणी सिद्ध करू शकले नाही (दोघांनी प्रयत्न केला, दोघांनाही मागाहून माझ्याशी नीट बोलावे लागले).

वैद्यकीय तपासणीस जाताना सभ्य माणसाने जी तयारी करावयाची, ती मी सर्व केली. काही खाल्ले नाही. इस्त्रीचा, मनगटापर्यंत गुंड्यांचा सदरा घातला, त्यावर कोट घातला. घोट्याशी घट्ट बसणारी विजार घातली. आणि ज्याअर्थी डॉक्टर तोंड उघडावयास सांगतात, त्याअर्थी त्यांच्या मानास धक्का लागू नये म्हणून जीभ अशी घासली की आरशात ती लहान बाळाच्या जिभेसारखी दिसू लागली. नवीन रुग्णांसाठी लिहून ठेवतो: यांपैकी प्रत्येक गोष्ट चूक होती.

दवाखाना चष्म्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद. सौ. दोनदा थांबल्या, व दोन्ही वेळा कठडा स्वच्छ आहे की नाही हे त्यांनी पाहिले. वर एक लाकडी बाक, पाण्याचे पिंप, चपलांची मांडणी, आणि भिंतीवर एका उघड्या गृहस्थाचे भले मोठे चित्र, ज्याच्या अंगभर ठिपके आणि रेघा काढलेल्या होत्या. त्या सबंध खोलीत तेवढाच एक मनुष्य निश्चिंत दिसत होता. सौ. त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

डॉक्टरीणबाई आमच्या थोरल्या नातीच्या वयाच्या निघाल्या. "या आजोबा," म्हणाल्या. (मी त्यांचा आजोबा नाही, हे मी नोंदविले. त्या "बरं आजोबा" म्हणाल्या.) त्यांनी प्रथम सुईला हातही लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. तहान किती लागते, पाय गार पडतात की गरम, घाम येतो का, स्वप्ने पडतात का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, छातीत यंत्र बसविले आहे का. नंतर पोट साफ होण्याविषयी विचारले. या विषयावर मी आजतागायत पोटच्या मुलाशीही बोललेलो नाही; तथापि मोजक्या शब्दांत उत्तर दिले. मग त्या म्हणाल्या, "जीभ दाखवा." दादासाहेब, शाळा सुटल्यापासून मी कोणास जीभ दाखविली नव्हती. दाखविली. त्यांनी दिव्याजवळ येऊन पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, घासून आलात होय! मला त्यावरचा थर बघायचा असतो. तुम्ही तर सगळा पुरावाच पुसून टाकलात." यानंतर दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटे ठेवून त्यांनी इतका वेळ नाडी पाहिली की मला वाटले, ती सापडत नसावी.

मग विचारले, "दुखतं काय?" मी म्हणालो, "काहीही नाही." "मग आलात कशाला?" "पाहणीसाठी." त्या म्हणाल्या की दुखणे नसलेल्या माणसाला आपण सुया टोचीत नाही. येथे माझी अडचण झाली. टोचून घेतल्याशिवाय परत जाणे शक्य नव्हते आणि खोटे दुखणे सांगणे माझ्या स्वभावात नाही. तोच त्यांनी विचारले, "झोप लागते?" मी म्हणालो, पूर्वी लागत असे. "आता का नाही लागत?" मी म्हणालो, शेजारच्या पलंगावर कोणी तोंडात पदर धरून कण्हत असले म्हणजे झोपणे बरे दिसत नाही. "कोण कण्हतं?" मी पडद्याकडे बोट केले. पडद्यापलीकडे सौ. होत्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "खाऊन आलात का?" नाही म्हणताच त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून चार बिस्किटे खावयास लावली, कारण रिकाम्या पोटी सुया टोचल्यास घेरी येऊ शकते. मी सर्वांसमक्ष बिस्किटे खाल्ली. सौ.नी चुरा झटकला.

पुढे माझ्या बाह्या कोपरापर्यंत जाईनात आणि विजार घोट्याच्या वर सरकेना. परिणामी मला दवाखान्याची नाडीची, ढगळ, फिकट निळी विजार घालावी लागली. त्या विजारीत याआधी किती सभ्य माणसे गेली असतील, याचा विचार करीत मी पलंगावर आडवा झालो.

सुईविषयी आता स्पष्ट लिहितो, कारण आपणांस ते उपयोगी पडणार आहे. ती इंजेक्शनची सुई नव्हे. ती केसासारखी बारीक असते, बोटाने दाबली तर वाकते, तिच्यात औषध नसते. प्रत्येक सुई बंद पाकिटातून काढतात आणि एकदा वापरून टाकून देतात. ती एका लहानशा नळीत धरून वरून टिचकी मारली की झाले. दुखते असे म्हणता येत नाही. डास चावून पश्चात्ताप पावल्यासारखे वाटते. त्यानंतर मात्र त्या जागी एक जडपणा येतो, मुंग्यांसारखे काही चालते, आणि ते आपल्या आज्ञेवाचून चालते हे थोडे विचित्र वाटते. पहिली मनगटाजवळ, मग पायावर, कानाला, कपाळाच्या मध्यावर. मी अंगठ्याने पेरांवर मोजीत होतो. काम चोख चालले होते.

इतक्यात त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुई टोचली आणि म्हणाल्या, "आता हा हात अजिबात हलवायचा नाही."

दादासाहेब, माझी अवस्था काय झाली असेल ती आपण जाणाल. अर्धा माल आत गेला आहे, अर्धा दारात आहे, आणि मोजणाऱ्याचा अंगठा खिळवून ठेवला आहे! डाव्या हाताने मी कधी मोजलेले नाही. मी मनात मोजू लागलो, परंतु मनाला पेरे नसतात. त्यातच त्यांनी दिवा मंद केला, पायांवर पांघरूण टाकले, "काही वाटलं तर हाक मारा, मी इथंच आहे," असे सांगून त्या पडद्याबाहेर गेल्या. पलीकडे कोठेतरी पंखा किरकिरत होता. मी केवळ डोळे मिटून आकडा घोकीत होतो. सौ.चे म्हणणे असे की मी घोरत होतो, बाकावरील सर्वांनी ऐकले आणि एका बाईने "तुमचेच का?" म्हणून विचारले. मी याचा इन्कार करतो. मनुष्य घोरत असेल तर त्यास स्वतःला प्रथम कळेल.

डॉक्टरीणबाईंनी हळूच उठविले (म्हणजे, डोळे उघडावयास सांगितले) आणि सुया काढल्या. काढताना काहीच कळत नाही. मी मोजल्या. आकडा येथे लिहीत नाही, कारण तो वादग्रस्त आहे. आत गेलेल्यांपेक्षा बाहेर आलेल्यांत एक कमी भरली. दुसऱ्या रुग्णासमोर तूट जाहीर करणे माझ्या शिस्तीत बसत नाही. प्रथम फेरमोजणी करावयाची असते. ती मी कपडे बदलून जिना उतरताना, मोकळ्या झालेल्या अंगठ्याने केली. एक कमीच.

खाली चष्म्यांच्या दुकानासमोर सौ.नी विचारले, "काय हो, भरल्या का सगळ्या?" आपण माझ्या जागी असता तर कदाचित सारवासारव केली असती. मी आयुष्यभर जे सांगत आलो तेच सांगितले: एक कमी.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्या कोटाच्या गुंड्या काढल्या आणि भर रस्त्यात माझ्या छातीला कान लावला. दुकानात त्या वेळी नवीन चष्मे लावून पाहणारी गिऱ्हाइके होती, त्यामुळे सर्वांना हे दृश्य उत्तम दिसले. मी म्हणालो, "अहो, लोक पाहताहेत." त्या म्हणाल्या, "बोलू नका, ऐकू येत नाही." मी म्हणालो, "काय ऐकू यायचे आहे?" त्यावर "सुई!" एवढे बोलून त्या माझा हात सोडून जिन्याकडे वळल्या, आणि मी कोटाची पहिली गुंडी लावेपर्यंत वर पोहोचल्या होत्या. न थांबता. कठडा न पाहता. ज्या बाई कपाटाला धरल्यावाचून शेगडी गाठीत नाहीत, त्या त्याच जिन्यावरून माझ्यासाठी भांडावयास धावत गेल्या, दादासाहेब. मी खाली एक क्षण नुसता उभा राहिलो.

वर गेलो तेव्हा सौ.चा आवाज चढलेला होता. "माझा माणूस धडधाकट आत पाठवला होता मी! एक सुई ठेवून घेतलीत त्याच्यात!" डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी खुर्चीवर बसविले, कारण आवेश ओसरताच पायाने आपला हिशेब मागितला होता व त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मग म्हणाल्या, "आजी, पहिली सुई लावली तेव्हा आजोबांनी हात ओढला. म्हणून ती लगेच काढून मी दुसरी घेतली. यांनी दोन मोजल्या, पण एक तेव्हाच डब्यात गेली." सौ.नी माझ्याकडे पाहिले. "हात ओढलात तुम्ही?" मी म्हणालो की हात आपण होऊन हलला असणे शक्य आहे, परंतु ओढला असे म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे ओढलात."

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी एक नवे पाकीट फोडून सुई त्यांच्या तळहातावर ठेवली. सौ.नी ती वाकवून पाहिली. "ही जाते कुठं?" "कुठंच नाही, आजी. जिथं टोचली तिथंच. ही मूठ बघा, ही बाहेरच राहते." मग त्यांनी नुसत्या हातांनी सौ.चा पाय दाबून पाहिला, आणि जेथे जेथे कळ होती तेथे तेथे न विचारता बोट ठेवले. सौ. ऐकत होत्या, मान हलवीत होत्या. मला वाटले, जिंकले. तोच त्या हळूच म्हणाल्या, "पण दादा म्हणाला होता." डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दादा डॉक्टर आहेत?" "नाही. मुख्याध्यापक." यावर त्यांच्याकडे उपचार नव्हता.

मला त्या दिवशी थोडा थकवा वाटला, मनगटावर एक निळसर डाग राहिला, आणि दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने दोनदा घंटा वाजवावी लागल्याची तक्रार केली. एका खेपेत सर्व काही होत नाही, अनेकदा जावे लागते आणि सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही, हे डॉक्टरीणबाईंनी प्रथमच स्पष्ट केले आहे. मी पुन्हा जाणार आहे. सौ. मात्र पुन्हा कपाट पुसू लागल्या आहेत.

आपल्या मानेस आराम पडो. लोभ आहेच, तो तसाच सांभाळावा.

आपला,
भगिनीपती

ता. क. वर उल्लेखिलेला मुख्य विषय असा. नवव्या वर्षी केलेले विधान आपण लेखी मागे घ्यावे. 'सुई काळजात जात नाही' एवढे एक वाक्य, आपल्या वळणदार अक्षरात, सहीनिशी. कारणमीमांसा देण्याची गरज नाही. आपले शब्द त्या वाचतील. माझे त्या नुसते ऐकतात.

ता. क. २. लेखी पुरेसे होईल असे मला वाटत नाही. आपण स्वतः यावे, आणि सौ.च्या समोर आपल्या मानेला सुया टोचून घ्याव्यात. मी शेजारी बसून मोजीन. सैल सदरा आणावा. खाऊन यावे.

ता. क. ३. हे पत्र पाकिटात घालून टपालात टाकण्यासाठी सौ.कडे देत आहे, कारण पोस्ट त्यांच्या भाजीवाल्याच्या शेजारी आहे व तेवढे चालणे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. पत्र आपल्या मानेविषयी आहे, असे त्यांना सांगितले आहे. त्या दुसऱ्याची पत्रे वाचीत नाहीत.

ता. क. ४. हात ओढलेला नव्हता.

~

दादा,

हे दुसऱ्याचं पत्र नाही, माझ्याच पायाचं आहे, म्हणून वाचलं.

सुई काळजात जात नाही हे मला फार पूर्वीच कळलंय. त्या दिवशी तूच दिवसभर माझ्या छातीला कान लावून बसला होतास आणि माझ्यापेक्षा जास्त रडला होतास, ते आठवतं का? पण लहानपणी ऐकलेलं कळून जात नाही रे. 'एक कमी' म्हणाले आणि मी पुन्हा तेवढीच झाले. रस्त्यात यांच्या छातीला कान लावला, तर सुईबिई काही नाही, काळीज मात्र धाडधाड उडत होतं. इतके घाबरले होते आणि तरी आत जाऊन आले.

आणि घोरत होते. मी बाकावर बसून ऐकत होते. किती महिन्यांनी ऐकलं. मला वाटायचं, माझं कण्हणं यांना ऐकू जात नाही. पडदा पातळ होता, आतलं सगळं बोलणं मला ऐकू आलं. म्हणून मी मंगळवारी जाणार आहे. सुईची भीती अजून आहे, तिला बरोबर घेऊनच जाईन.

पण हे त्यांना कळवू नकोस. त्यांनी इतकं मोठं पत्र लिहिलंय. तू तसंच जड जड शब्दांत उत्तर लिही, मागे घेतो म्हण, सही कर. ते मला मोठ्यानं वाचून दाखवतील, मग मी तयार होईन. उत्तर मंगळवारच्या आत पोचेल असं बघ. मग सावकाश तूही ये. हात मी धरून ठेवीन, तुझाही आणि यांचाही.

येशील त्या सकाळी जीभ घासू नकोस.